तळव्याची जखम आणि माझे ताट

गेल्या वर्षीच्या वटपौर्णिमेला, दिवेलागणीच्या सुमारास, सूनबाईने मला आहे तिथेच थांबायला सांगितले. स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंतच्या पांढऱ्या फरशीवर लालसर ठिपक्यांची ओळ उमटली होती आणि ती माझ्या उजव्या पावलापाशी येऊन संपत होती. मला काहीही दुखत नव्हते. सकाळी ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घराजवळच्या वडाला मी अनवाणी सात फेऱ्या घातल्या होत्या, दिवसभर उपवास केला होता, दुपारी थोडी साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती आणि अंगठ्याच्या मुळाशी, जिथे कित्येक वर्षांचा घट्टा होता, तिथे एक खडा रुतला आहे याचा मला पत्ताच नव्हता. मधुमेह होऊन तेव्हा 14 वर्षे झाली होती. पायांना मुंग्या येतात, कधी कधी कापसावर चालल्यासारखे वाटते, हे मी तपासणीच्या वेळी सांगत असे. पण पायाची संवेदना जाणे म्हणजे नेमके काय, हे त्या संध्याकाळी फरशीकडे पाहताना मला पहिल्यांदा उमगले.

पुढचे 5 आठवडे जखम भरली नाही. घराजवळच्या दवाखान्यात एक दिवसाआड ड्रेसिंग होत होते आणि मी एकही खेप चुकवली नाही. घरात मात्र पथ्याचा एक वेगळाच कारभार सुरू झाला होता. शेजारच्या मावशींनी आंबट बंद करायला सांगितले, कारण आंबटाने जखम चिघळते. म्हणून लिंबू, टोमॅटो, ताक आणि पेरू गेले. नणंदेने डाळीने पू धरतो असे सांगितले, म्हणून वरण पातळ झाले आणि उसळी थांबल्या. भात, बटाटा आणि केळे साखरेच्या भीतीने आधीच गेलेले होते. हे सारे लोक माझ्या प्रेमापोटीच सांगत होते आणि मीही ते निष्ठेने पाळत होते, कारण पथ्य म्हणजे काहीतरी सोडणे, हीच माझी लहानपणापासूनची समजूत होती. आषाढी एकादशीला पुन्हा साबुदाणा झाला आणि दुसऱ्या दिवसापासून चातुर्मासाचा माझा नेहमीचा नेम, एकभुक्त राहण्याचा, मी धरला. त्यानंतरच्या आठवड्यात अंगठा लाल होऊन सुजला, ड्रेसिंग काढताना वास येऊ लागला आणि मुलाने मला ठाण्यातल्याच एका रुग्णालयात, जिथे मधुमेही रुग्णांच्या पायांसाठी वेगळी ओपीडी चालते, तिथे नेले.

तिथल्या पहिल्या दिवसाची आठवण अजून स्पष्ट आहे. डॉक्टरांनी माझे डोळे मिटवून एका नायलॉनच्या बारीक तारेने दोन्ही तळव्यांना ठिकठिकाणी स्पर्श केला आणि स्पर्श कळला की हो म्हणायला सांगितले. मी बराच वेळ गप्पच राहिले, आणि डोळे उघडल्यावर कळले की 10 ठिकाणांपैकी 7 ठिकाणी त्यांची तार मला न कळताच टेकून गेली होती. घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब यांची तुलना करून पायातला रक्तप्रवाह पुरेसा असल्याची त्यांनी खात्री केली. एक्स-रेमध्ये हाडापर्यंत संसर्ग गेलेला दिसला नाही. मग त्यांनी जखमेच्या कडेचा घट्टा आणि तळाशी साचलेला पिवळा, मेलेला थर कापून काढला, आतल्या पेशींचा नमुना तपासणीला पाठवला आणि पट्टीने मोजून जखम 22 मिलिमीटर लांब व 18 मिलिमीटर रुंद असल्याची नोंद केली. प्रतिजैविके सुरू झाली. पावलावरचा भार जखमेवरून हटवणारा, गुडघ्यापर्यंत येणारा एक बूट मिळाला. हे सगळे मला अपेक्षित होते. अपेक्षित नव्हता तो त्यानंतरचा प्रश्न: "काकू, काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तुम्ही काय काय खाल्लंत, ते आठवून सांगा."

मी सांगितले. सांगताना मला थोडा अभिमानही वाटत होता, कारण गेल्या 6 महिन्यांत माझे वजन 61 किलोवरून 54 किलोवर आले होते आणि ते पथ्य नीट पाळल्याचे फळ आहे असे मी समजत होते. डॉक्टरांनी वजनाचा आकडा दोनदा लिहून घेतला आणि म्हणाले की एवढ्या थोड्या काळात न ठरवता दहावा हिस्सा वजन कमी होणे ही त्यांच्या दृष्टीने काळजीची गोष्ट आहे. साखर फार वाढलेली असते तेव्हा ती लघवीवाटे वाहून जाते, शरीर उपाशी राहते आणि स्वतःचे स्नायू मोडून आपली गरज भागवते. त्यातच माणूस जेवण कमी करत गेला, तर जखम बांधायला लागणारे सामान कुठूनच मिळत नाही. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीए1सी 9.6 टक्के होते. हिमोग्लोबिन 9.8, बी-12 जीवनसत्त्व 148, ड जीवनसत्त्व 12, हे तिन्ही कमी होते, आणि रक्तातले अल्ब्युमिन नावाचे प्रथिन, जे साधारण 3.5च्या वर असावे लागते, ते 2.9 होते. अल्ब्युमिन केवळ कमी खाण्याने उतरत नाही, अंगात संसर्ग असला तरीही ते घसरते, म्हणून एवढ्या एका आकड्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, हेही त्यांनी सांगितले. वजन, स्नायू आणि रोजचे ताट यांचा विचार एकत्रच करावा लागतो. त्यांनी माझा हात कोपराच्या वर धरून पाहिला. बांगड्या सैल झाल्या होत्या हे माझ्या लक्षात आलेच होते. दंड सैल झाला होता हे आले नव्हते.

आहारतज्ज्ञ बाईंची खोली त्याच मजल्यावर होती. मी 32 वर्षे शाळेत गणित शिकवले आहे, त्यामुळे त्यांनी आधी उपदेश न करता हिशेब मांडला हे मला मनापासून आवडले. त्यांनी विचारले की चौघांच्या वरणासाठी घरात कच्ची तूरडाळ किती घेता. मी म्हटले, एक मूठ. त्यांनी टेबलावरच्या छोट्या काट्यावर माझ्या मुठीने डाळ ठेवायला सांगितली आणि ती 60 ग्रॅम भरली. चौघांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला 15 ग्रॅम डाळ आणि तिच्यातून जेमतेम सव्वातीन ग्रॅम प्रथिने. मी रोज वरण खाते, तेव्हा माझे प्रथिनांचे काम होते, असे मी अनेक वर्षे धरून चालले होते! मग त्यांनी पोळ्या, चहातले दूध, बिस्किटे, भाजी, अर्धी भाकरी असे सगळे मांडत नेले आणि दिवसाची बेरीज 30 ग्रॅमच्या आसपास आली. निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे 0.8 ग्रॅम प्रथिने लागतात. उघडी जखम असलेल्या आणि वजन घटलेल्या माणसासाठी दर किलोमागे 1.25 ते 1.5 ग्रॅम इतके उद्दिष्ट त्या धरत होत्या. म्हणजे माझ्यासाठी 68 ते 81 ग्रॅम. मी गरजेच्या निम्म्यानेही खात नव्हते, आणि उपवासाच्या दिवशी तर तेवढेही नाही, कारण साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्याने साखर झपाट्याने चढते आणि प्रथिने मात्र नावालाच मिळतात. खिचडीतल्या दाण्याच्या कुटाने काही भर पडते, पण उपवासाच्या दिवशीही मी कूट हात राखूनच घालत असे.

एक अट त्यांनी अगदी आधी सांगितली, आणि ती मी इथे मुद्दाम लिहिते. हा आकडा ठरवण्यापूर्वी त्यांनी मूत्रपिंडांचे काम दाखवणारे माझे क्रिएटिनिन आणि लघवीतल्या अल्ब्युमिनचा अहवाल पाहिला होता. माझी मूत्रपिंडे ठीक होती. ज्यांची मूत्रपिंडे मधुमेहाने दुखावलेली असतात, त्यांना प्रथिने किती द्यायची याचा हिशेब वेगळा असतो आणि तो त्यांच्या डॉक्टरांनीच करायचा असतो. माझ्या ताटाची नक्कल त्यांनी करू नये.

जखम भरणे म्हणजे शरीरात नेमके काय घडते, हे त्या दिवशी आणि नंतरच्या खेपांमध्ये मला तुकड्यातुकड्यांनी समजत गेले. आधी पांढऱ्या पेशी येऊन जंतू आणि मेलेल्या पेशी साफ करतात. साखर चढलेली असली की या पेशींचे काम मंदावते. मग तळातून लाल, दाणेदार मांस वर येऊ लागते, ज्यात बारीक नव्या रक्तवाहिन्या आणि कोलॅजन नावाचे प्रथिन असते. हे कोलॅजन अन्नातल्या प्रथिनांच्या घटकांपासूनच विणले जाते, आणि त्याचे धागे एकमेकांत पक्के गुंफण्यासाठी क जीवनसत्त्व लागतेच. जखमेतून झिरपणाऱ्या पाण्यातूनही प्रथिने वाहून जातात, म्हणून मोठ्या, ओल्या जखमेची गरज आणखी वाढते. उष्मांक कमी पडले, तर खाल्लेली प्रथिनेही बांधणीला न वापरता शरीर जाळून टाकते. म्हणून डाळ वाढवून पोळी सोडली, तर हिशेब पुन्हा तिथेच येतो. रक्त कमी असले तर जखमेपर्यंत प्राणवायू कमी पोहोचतो. आणि मी आंबट सोडले होते! ज्या पेरूत आणि लिंबात क जीवनसत्त्व आहे, तेच जखमेच्या नावाखाली माझ्या ताटातून काढले गेले होते. जखम जंतूंनी चिघळते, लिंबाने नाही, हे डॉक्टरांनी मला आणि माझ्या नणंदेला, जी एका खेपेला सोबत आली होती, शांतपणे समजावून सांगितले.

बी-12 कमी होण्याचे कारणही तेव्हाच कळले. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी अनेक वर्षे घेतली की अन्नातले बी-12 शरीरात नीट शोषले जात नाही, आणि शाकाहारी माणसाला ते मिळतेही दूध-दह्यातूनच. त्याच्या अभावाने पायाच्या नसा दुखावतात आणि मधुमेहानेही नसा दुखावतात. दोन्हींचा भार एकाच पायावर पडतो. 14 वर्षांत माझे बी-12 एकदाही तपासले गेले नव्हते याची मला आजही हळहळ वाटते. इंजेक्शने सुरू झाली. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्यांच्या मागेपुढे तासभर चहा न घेण्याची सूचना मिळाली, कारण चहामुळे लोह नीट शोषले जात नाही.

घरी आल्यावर खरे काम सुरू झाले. मुलाने गोखले रोडवरून एक छोटा डिजिटल काटा आणला आणि सूनबाईने फ्रिजवर एक वही अडकवली. सकाळी 50 ग्रॅम मूगडाळ भिजवून, आले-मिरची घालून तिची दोन धिरडी आणि वाटीभर दही. त्यात 15 ग्रॅम प्रथिने झाली. 11 वाजता अर्धा पेरू आणि मूठभर फुटाणे. जेवणात दोन पोळ्या, पालेभाजी, माझ्यापुरती 40 ग्रॅम डाळीची घट्ट आमटी आणि पुन्हा दही. आमटी ताटात वाढल्यावर तिच्यावर लिंबू पिळायचे, चुलीवर असताना नाही, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व कमी होते. संध्याकाळी पेलाभर दूध आणि थोडे दाणे. रात्री ज्वारीची भाकरी आणि तिच्यासोबत आळीपाळीने मटकीची उसळ, पनीर किंवा सोयाबीनच्या वड्या. कोरड्या 30 ग्रॅम वड्यांत 15 ग्रॅम प्रथिने असतात हे मला नव्याने कळले. पहिल्या आठवड्यात पोट फुगले. मोड आणून, कुकरला अगदी मऊ शिजवून, हिंग घालून उसळ केली तेव्हा तो त्रास कमी झाला. सगळी बेरीज 70 ते 74 ग्रॅमपर्यंत जाऊ लागली.

अंड्यांवरून घरात दोन दिवस चर्चा झाली. एका अंड्यात 6 ग्रॅम उत्तम प्रथिने असतात, हे मुलाचे म्हणणे बरोबर होते. मी आयुष्यात कधी अंडे खाल्लेले नाही, हेही खरे होते. आहारतज्ज्ञ बाईंनी मला जराही भरीला घातले नाही. डाळ आणि धान्य एकाच जेवणात घेतले की एकातली उणीव दुसऱ्याने भरून निघते, आणि दूध-दही त्यात असेल तर शाकाहारातूनही हा आकडा गाठता येतो, फक्त मोजून खावे लागते, एवढेच त्या म्हणाल्या.

माझी सर्वात मोठी भीती साखरेची होती. पहिल्या आठवड्यात जेवणानंतरची साखर 260च्या घरात गेली आणि मी लगेच दुपारची एक पोळी काढून टाकली. वहीत ते पाहून डॉक्टर नाराज झाले. "साखर मी औषधानं सांभाळतो. ती सांभाळण्यासाठी तुम्ही उपाशी राहायचं नाही," असे ते म्हणाले, आणि त्यांनी इन्सुलिन सुरू केले. इन्सुलिन म्हणजे शेवटचा टप्पा, अशी माझी समजूत होती. पण खाल्लेले अन्न पेशींच्या आत पोहोचवण्याचे काम इन्सुलिनच करते, तेव्हा जखम भरण्याच्या काळात ते हाताशी असणे हाच आधार आहे, हे मला पटत गेले. जेवताना आधी भाजी आणि आमटी खायची, पोळी नंतर, एवढ्या साध्या बदलानेही जेवणानंतरची साखर कमी चढते हे माझ्या यंत्रावर मला स्वतःला दिसले. इन्सुलिन आणि उपवास एकत्र जाऊ शकत नाहीत, हेही तेव्हाच स्पष्ट झाले, कारण साखर अचानक उतरण्याचा धोका असतो.

त्यामुळे एकभुक्ताचा नेम मोडावा लागला. हे लिहायला सोपे आहे, करायला नव्हते. लग्न झाल्यापासून 36 चातुर्मास मी तो पाळला होता आणि सासूबाई गेल्यानंतर तर तो माझ्याकडे त्यांची ठेव म्हणून आला होता, असे मी मानत असे. आमच्याकडे पूजेला येणाऱ्या गुरुजींना मी विचारले, तेव्हा त्यांनी आजारी माणसावर उपवासाची सक्ती नसते असे निःसंदिग्धपणे सांगितले आणि त्याऐवजी जप वाढवायला सुचवले. मी रोज एक माळ वाढवली. तरीही पहिल्या काही संध्याकाळी ताटावर बसताना हात आखडत असे.

यातच एका नातेवाइकांनी जखमा लवकर भरण्यासाठीच्या पावडरचा एक महागडा डबा आणून दिला. आहारतज्ज्ञ बाईंनी तो परत ठेवायला सांगितला, आणि त्यांनी दिलेले कारण मला फार महत्त्वाचे वाटते. मधुमेही पायाच्या जखमांवर पूरक पोषणाचा काय परिणाम होतो, याविषयी झालेल्या चाचण्यांचा कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने 2020 साली आढावा घेतला, तेव्हा अशा पूरकांनी जखम लवकर भरते असे खात्रीने म्हणण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही. आणि मधुमेही पायांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यगटानेही 2023च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत केवळ जखम भरावी म्हणून प्रथिनांची, जीवनसत्त्वांची किंवा खनिजांची पूरके देऊ नयेत असे म्हटले आहे. "मग मला इतकं मोजून खायला का सांगता?" असे मी साहजिकच विचारले. त्यांचे उत्तर असे की ज्याला कमतरता आहे त्याची कमतरता भरून काढणे ही त्याच्या प्रकृतीची मूलभूत गरज आहे, ती जखम असो वा नसो; पण कमतरता भरल्यावर त्याच्या वर आणखी ओतत राहिले म्हणून जखम दुप्पट वेगाने भरत नाही. जस्ताचेही तसेच. ते पेशींच्या वाढीला लागते, पण गोळ्या दीर्घकाळ भरमसाट घेतल्या तर शरीरातले तांबे कमी होते. हे ऐकल्यावर माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला, कारण आपल्याच विषयाची मर्यादा त्यांनी आपण होऊन सांगितली होती.

ती मर्यादा मी स्वतः अनुभवली. उपचार सुरू झाल्यापासून 4 आठवड्यांत जखम 15 मिलिमीटर लांब आणि 12 मिलिमीटर रुंद झाली होती, म्हणजे क्षेत्रफळ निम्म्याहून कमी; आणि 4 आठवड्यांत जखम निम्मी होणे हे ती पुढेही भरत जाण्याचे चांगले लक्षण मानतात, असे डॉक्टरांनी सांगितले होते. तळाला पिवळा थर जाऊन लाल मांस दिसत होते. मी निर्धास्त झाले. गणपतीत घरी 20-25 माणसांचा राबता होता. बूट घालून स्वयंपाकघरात वावरता येत नाही म्हणून मी तो दीड दिवस काढून ठेवला, उभ्याने उकडीचे मोदक वळले, सर्वांची पंगत उठल्यावर उरलेसुरले खाल्ले आणि वहीत काहीच लिहिले नाही. पुढच्या तपासणीला जखम मोजली तर ती वाढून 17 मिलिमीटर झाली होती आणि तिच्या कडेला पुन्हा घट्टा चढला होता. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी घट्टा काढला आणि सांगितले की एका पावलागणिक जो दाब त्या जागेवर येतो, तो नवे मांस चिरडत जातो. त्याची भरपाई कोणतीही आमटी करू शकत नाही. भार काढणे, रक्तप्रवाह, संसर्ग आणि साखर ही चार कामे आपापल्या जागी व्हावीच लागतात, आणि अन्न त्या चौघांच्या जागी उभे राहत नाही.

त्या दीड दिवसाबद्दल मला एक गोष्ट मात्र सांगायची आहे, कारण ती केवळ माझी नाही. सर्वांचे झाल्यावर जेवायचे, आमटी संपली असेल तर लोणच्यावर भागवायचे, दही मुलांना पुरावे म्हणून आपण ताकाचे पाणी घ्यायचे, हे माझ्या वयाच्या किती बायकांच्या अंगवळणी पडले आहे! मधुमेह झाला की त्या सवयीला पथ्याचे नाव मिळते आणि मग घरात कोणालाही ते खटकत नाही. ओपीडीच्या बाकावर माझ्याशेजारी कळव्याहून आणि दिव्याहून येणाऱ्या ज्या बायका बसत, त्यांच्याशी बोलताना मला हेच पुन्हा पुन्हा ऐकू आले: रात्री भूक नसते, एक घोट चहा आणि पाव पुरतो, डाळ महाग झाली. त्यांना महागडी पावडर नको होती. फुटाणे, मटकी, दाणे आणि एखादे अंडे किंवा सुकटीची चटणी एवढ्यावर त्यांचा हिशेब बसत होता, हे आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांच्यापैकी दोघींना माझ्यासमोरच मांडून दाखवले. सुकटीत प्रथिने भरपूर आहेत, फक्त रक्तदाब असेल तर मिठाकडे पाहायचे.

गणपतीनंतर मी बूट घरातही काढला नाही. मुलाने स्वयंपाकघरात ओट्याच्या उंचीची खुर्ची आणली आणि भाजी चिरणे, पीठ मळणे बसूनच होऊ लागले. नवरात्रात मी फक्त उठता-बसताचे उपवास धरायचा विचार केला होता, तोही डॉक्टरांना विचारून सोडून दिला. दसऱ्यापर्यंत जखम 7 मिलिमीटरवर आली. दिवाळीच्या आधी रक्त तपासले तेव्हा एचबीए1सी 7.4, हिमोग्लोबिन 11.6 आणि अल्ब्युमिन 3.7 होते, वजन 57 किलो झाले होते. संसर्ग केव्हाच ओसरला होता, तेव्हा अल्ब्युमिनच्या वाढीचे श्रेय अन्नाला किती आणि औषधाला किती, हे वेगळे काढता येणार नाही. तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात सिस्टरनी ड्रेसिंग उघडले आणि कापसावर काहीच लागलेले नव्हते. जखमेच्या जागी गुलाबी, पातळ, चकचकीत त्वचा होती. डॉक्टरांनी दोन आठवडे थांबून पुन्हा पाहिले आणि मगच जखम भरली असे कागदावर लिहिले.

ती त्वचा अजून कच्ची आहे. आत कोलॅजनची मांडणी वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ चालते आणि पूर्वीइतकी बळकटी त्या जागेला कधीच येत नाही. ज्यांची जखम भरते, त्यांच्यापैकी सुमारे 40 टक्के लोकांना वर्षाच्या आत पुन्हा जखम होते, हे डॉक्टरांनी मला आणि माझ्या यजमानांना समोरासमोर बसवून सांगितले. त्यामुळे मऊ रबराच्या तळाची खास चप्पल मी घरातही वापरते, रोज रात्री यजमान माझे दोन्ही तळवे उजेडात पाहतात, आणि फ्रिजवरची वही अजून तिथेच आहे. जखम भरल्यावर प्रथिनांचे उद्दिष्ट दर किलोमागे 1 ग्रॅमवर आणले आहे. दर 3 महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवी तपासायची, आणि त्यात फरक पडला तर तो आकडा पुन्हा बदलायचा, असे ठरले आहे.

चौघांच्या आमटीला आता काट्यावर 160 ग्रॅम डाळ जाते. सुरुवातीला ती माझ्यापुरती वेगळी शिजत असे. एक दिवस सूनबाईने आपल्या स्वतःच्या जेवणाची बेरीज वहीच्या मागच्या पानावर केली, ती 34 ग्रॅम आली, आणि दुसऱ्या दिवसापासून पातेले एकच झाले.